रॉथ्कोची चित्रे आणि रॉथ्कोची मुले

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की वॉशिंग्टनची एक ट्रिप ठरलेलीच असते. व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, एअर अँड स्पेस म्युझियम, आणि त्यानंतरही पायांत त्राण उरले तर नॅशनल गॅलरी. आमचे काका तिथल्या ईस्ट बिल्डिंगमध्ये मार्क रॉथ्कोच्या एका भल्यामोठ्या चित्रासमोर थबकले. वर तांबडा चौकोन, खाली काळपट जांभळा, कडा धूसर. "अरे, दिवाळीच्या आधी रंगारी भिंतीवर शेड दाखवतो, तसंच आहे की हे!" आम्ही सगळे हसलो. पण नंतर काका समोरच्या बाकावर बसले ते बराच वेळ उठेनात. पाय दुखत होते म्हणून, असे ते सांगतात. उठताना मात्र त्यांनी अगदी आपल्याकडचा प्रश्न विचारला : "मुलंबाळं होती का रे याला?"

होती. आणि ती नसती, तर ही चित्रे आपल्याला इतक्या सहज, एकही डॉलर न मोजता पाहायला मिळाली असती की नाही, याची शंकाच आहे.

रॉथ्कोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. 1903 साली रशियन साम्राज्यातल्या द्विन्स्क गावी, म्हणजे आजच्या लाटव्हियात, एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मूळ नाव मार्कस रॉथ्कोविट्झ. 1913 साली तो ओरेगनमधल्या पोर्टलंडला आला आणि काही महिन्यांतच वडील वारले. शिष्यवृत्तीवर येल गाठले, पण तिथे तो रमला नाही. न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे शाळकरी मुलांना चित्रकला शिकवून दिवस काढले आणि पन्नाशीच्या आसपास कीर्ती आली. पैसा आला तेव्हा त्याला पैशाचीच भीती वाटू लागली. आपली चित्रे कोण घेतो, कुठे लावतो, शेजारी काय टांगतो, यावर त्याचा कटाक्ष असे. न्यूयॉर्कच्या 'फोर सीझन्स' या श्रीमंती रेस्टॉरंटसाठी 1958 साली घेतलेले मोठे काम त्याने अर्ध्यावर सोडले आणि आगाऊ रक्कम परत केली. त्यातलीच नऊ चित्रे पुढे त्याने लंडनच्या टेट गॅलरीला भेट दिली.

असा हा चोखंदळ माणूस मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र कमालीचा बेफिकीर निघाला. 1968 च्या वसंत ऋतूत त्याला महाधमनीचा गंभीर आजार झाला. त्याच सप्टेंबरात त्याने जेमतेम दोन पानांचे मृत्युपत्र केले. ते लिहून दिले बर्नार्ड रीस या त्याच्या हिशेबनीस मित्राने. घर आणि अडीच लाख डॉलर पत्नी मेलला, ती नसल्यास ती रक्कम मुलांना, पाच चित्रे टेटला, आणि बाकी सारे स्वतःच्या नावाच्या फाउंडेशनला. मुलांच्या नावे एकही चित्र नाही. 25 फेब्रुवारी 1970 रोजी त्याने स्टुडिओत आत्महत्या केली. सहाच महिन्यांनी मेलही गेली. मागे राहिली एकोणीस वर्षांची केट आणि सात वर्षे पूर्ण होत आलेला ख्रिस्तोफर.

मृत्युपत्राचे व्यवस्थापक तिघे, तिघेही मित्र : रीस, चित्रकार थिओडोरोस स्टॅमॉस आणि मानववंशशास्त्राचे प्राध्यापक मॉर्टन लेव्हाइन. मृत्युपत्र कोर्टात मंजूर झाल्यावर महिन्याच्या आत त्यांनी सर्वच्या सर्व 798 चित्रे फ्रँक लॉइड यांच्या मार्लबरो गॅलरीच्या हवाली केली. शंभर चित्रे अठरा लाख डॉलरना विकली, म्हणजे सरासरी अठरा हजाराला एक. त्यातही रोख फक्त दोन लाख, बाकीचे बारा वर्षांत, बिनव्याजी! उरलेली 698 विक्रीसाठी ठेवली, ती पन्नास टक्क्यांपर्यंत कमिशनवर. आणि रीस? ते त्याच गॅलरीचे संचालक आणि खजिनदार होते. स्टॅमॉस यांच्या स्वतःच्या चित्रांचाही लवकरच त्याच गॅलरीशी करार झाला. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ते हेच.

1971 साली केट कोर्टात गेली. तिने नुसती भरपाई मागितली नाही, चित्रे परत मागितली. न्यूयॉर्क राज्याचे अॅटर्नी जनरलही या दाव्यात उतरले. कोर्टाची मनाई असताना गॅलरीने आणखी चित्रे विकली. डिसेंबर 1975 मध्ये न्यायाधीश मिडॉनिक यांनी तिन्ही व्यवस्थापकांना दूर केले, करार रद्द केले आणि भरपाई व दंड मिळून ब्याण्णव लाखांहून अधिक डॉलर भरण्याचा आदेश दिला. 1977 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला.

या खटल्यावर ली सेल्डिस या पत्रकार बाईंचे 1978 सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. रहस्यकथेसारखे वाचून होते; पण माझी तक्रार अशी की खलनायक ठळक होत जातात आणि चित्रे मात्र गोदामातल्या नगांसारखी उरतात. दुसऱ्या टोकाला, चित्रांवर लिहिणारे अनेक जण शेवटच्या काळ्या-करड्या कॅनव्हासांत आत्महत्येची चिठ्ठी शोधतात. हेही मला पटत नाही. ह्यूस्टनच्या चॅपेलमधली गडद चित्रे 1964 ते 1967 मधली, म्हणजे त्या आजाराच्या आणि घर सोडण्याच्या आधीची. अंधाराकडे तो चित्रकार म्हणून चालत गेला होता. आयुष्य तिथे नंतर पोहोचले. गायतोंड्यांच्या चित्रांसमोर उभे राहताना आपण त्यांच्या एकलकोंड्या राहणीची गोष्ट आधी सांगत बसतो, तेव्हा आपणही हीच चूक करतो. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये नागपूरच्या या चित्रकाराचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हा हे मला फार जाणवले.

तरीही आयुष्य आणि चित्रे यांचा एक सांधा मला दिसतो. चित्रांनी एकत्र राहावे, मंद उजेडात, एकमेकांच्या सोबतीने, ही रॉथ्कोची ओढ. मुलांची सोय करताना ती ओढ कुठे गेली? पण ज्या मुलीला त्याने एक चित्रही ठेवले नाही, तिच्यामुळेच विखुरण्याच्या बेतात असलेली ती चित्रे परत आली. त्या वेळच्या कायद्याने निम्मी मुलांना मिळाली. निम्मी फाउंडेशनकडे गेली, आणि नव्या विश्वस्तांनी 1980 च्या दशकात ती देशभरच्या संग्रहालयांना वाटून टाकली. सर्वांत मोठा वाटा वॉशिंग्टनला. केट पुढे डॉक्टर झाली, ख्रिस्तोफर मानसशास्त्रज्ञ. वडिलांच्या चित्रांवर त्याने 2015 साली चांगले पुस्तकही लिहिले.

मला या प्रकरणात रीसपेक्षा लेव्हाइन जास्त अस्वस्थ करतात. त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. बाकीच्या दोघांचे हितसंबंध त्यांना ठाऊक होते, तरी वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून त्यांनी सही केली. कोर्टाने त्यांनाही चौसष्ट लाखांना जबाबदार धरले. सज्जन माणूस गप्प बसला, तर त्याच्या सज्जनपणाचा पोरक्या मुलांना काय उपयोग?

आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की "शुभ बोल नाऱ्या" म्हणून उडवून लावतात. इथे येऊन तीस-चाळीस वर्षे झाली तरी ती सवय सुटलेली नाही. टॅक्स, इन्शुरन्स, घराचे कागद, सगळे एखाद्या 'आपल्या माणसा'कडे सोपवून आपण मोकळे होतो. वॉशिंग्टनहून परतल्यावर आम्ही दोघांनी आमची जुनी फाइल काढली. व्यवस्थापक म्हणून नाव होते आमचे टॅक्स करणाऱ्या मित्राचे. माणूस देवासारखा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलांना यातले काहीच माहीत नव्हते. त्या रविवारी दोघांनाही फोन केला. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून काकांच्या रंगाऱ्यापासून केली.