‘तारे जमीन पर’ वही घेऊन बघताना

अध्ययन अक्षमतेचा विषय निघाला की कुणीतरी ‘तारे जमीन पर’ काढतंच. 2007 च्या या सिनेमाने ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घराघरात नेला, हे त्याचं श्रेय मोठंच आहे. पण प्रेरणा आणि स्वयंनियमन यांवर संशोधन करायचं मनात असेल, तर तो एकदा वही घेऊन बघा.

निकुंभ सर ईशानला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीचे आकार करून घेतात, पायऱ्यांवर गणित शिकवतात. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. माझा आक्षेप इथेच आहे. आधी ठरवणं, करताना स्वतःकडे लक्ष ठेवणं, झाल्यावर तपासणं हे झिमरमन यांच्या मॉडेलमधले तीन टप्पे. वाचनाच्या बाबतीत तिन्ही कामं सरच करतात. ईशान ती स्वतः करतो फक्त चित्रात. स्पर्धेच्या दिवशी पहाटे एकटाच तळ्याकाठी जाऊन बसतो आणि मग तेच तळं रंगवतो. सिनेमातला स्वयंनियमनाचा सगळ्यात चांगला प्रसंग हाच, आणि त्याचा वाचनाशी काही संबंध नाही! बांडुरांच्या मते स्वक्षमतेचा विश्वास कामागणिक वेगळा असतो. चित्रात बक्षीस मिळालं म्हणून परिच्छेद वाचायचं बळ आपोआप येईलच असं नाही. शिवाय माया, नवी पद्धत, तोंडी परीक्षेची सवलत सगळं एकदमच सुरू होतं. सुधारणा कशामुळे झाली? ‘कंट्रोल’च नाही.

हा नुसता किस काढणं नाही. आपल्याकडे परळच्या केईएम किंवा सायन रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो. सवलत हवीच. पण तो जादा वेळ कसा वापरायचा हे कुणी शिकवलंच नसेल, तर तो पेपरकडे बघण्यात जातो. हॅरिस आणि ग्रॅहम यांच्या पद्धतीत लेखनाच्या युक्तीबरोबरच ध्येय ठरवणं, स्वतःशी बोलणं, स्वतःची नोंद ठेवणं हेही शिकवतात, ते म्हणूनच.

आणि मोजणार कसं? प्रेरणा मोजायला बरेच जण ‘एमएसएलक्यू’ घेतात. मुळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी केलेली, 81 विधानांची प्रश्नावली. वाचताना दमणाऱ्या मुलाच्या हातात ती दिली, तर अर्ध्यावर तो सरसकट मधल्या आकड्यावर खुणा करत सुटेल आणि आपण प्रबंधात लिहू, ‘प्रेरणा मध्यम’. विधानं मोठ्याने वाचून दाखवा, थोडीच निवडा, आणि तो प्रत्यक्ष अभ्यासाला बसलेला असताना शेजारी बसून नोंदी घ्या.