दुरुस्तीचे गुण दहापैकी साडेसात, आणि तरी दुरुस्त होत नाही!

मागच्या जुलैत माझा लॅपटॉप बंद पडला. चार्जिंगच्या वाटेवरचा एक छोटासा भाग जळाला होता, बाकी सगळं ठणठणीत. लॅमिंग्टन रोडवरच्या दुरुस्तीवाल्या दादांनी मागचं झाकण उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “ताई, याची एसएसडी वेगळी नाहीच. बोर्डावरच सोल्डर केलीय. बोर्ड चालू झाला तरच डेटा मिळेल.” बोर्ड काही चालू झाला नाही. फ्लुरोसन्सची तीन आठवड्यांची रीडिंग्ज गेली. (हो, बॅकअप घ्यायला हवा होता. गाइडनी ते मला पुरेसं ऐकवून झालंय.) माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये चार स्क्रू काढले की हार्ड डिस्क हातात यायची, ती केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला जोडली की काम झालं.

चिडून वाचायला बसले आणि फ्रान्सच्या दुरुस्ती-निर्देशांकापाशी पोचले. जानेवारी २०२१ पासून तिथे स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. कल्पना चांगली आहे, आणि तिच्यामुळे कंपन्यांना दुरुस्तीच्या माहितीकडे आणि सुट्या भागांकडे लक्ष द्यावं लागलं, हे श्रेय द्यायलाच हवं. माझी तक्रार गुण मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने ती नीट बघावी.

निकष पाच: कागदपत्रं, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता, त्यांची किंमत, आणि पाचवा त्या-त्या वस्तूपुरता. प्रत्येकाला २० गुण. सगळ्यांची बेरीज, भागिले दहा. आता एक काल्पनिक यंत्र घ्या. चार निकषांत १८, १८, १७, १९. पण आत सगळं डिंकाने चिकटवलेलं, म्हणून उघडण्याच्या सोयीला फक्त ३. बेरीज ७५. डब्यावर छापणार ७.५! पुस्तिका उत्तम, भाग उपलब्ध, किंमतही रास्त, फक्त यंत्र उघडत नाही. मग त्या भागाचं करायचं काय?

साधी बेरीज असं गृहीत धरते की एका निकषातली कमतरता दुसरा निकष भरून काढतो. इथे ते गृहीतकच चुकीचं आहे. दुरुस्ती ही साखळी आहे, एक कडी तुटली की बाकीच्यांचा उपयोग संपतो. हा प्रश्न नवा नाही. मानव विकास निर्देशांकात आधी साधी सरासरी घेत. २०१० पासून भूमितीय मध्य घेतात, म्हणजे गुणाकार करून मूळ काढतात. तोच हिशेब आपल्या यंत्राला लावला तर ७.५ चे साधारण ६.३ होतात. तेवढ्यानेही माझं समाधान होत नाही, पण उघडण्याला शून्य असेल तर उत्तर शून्य येतं, जे बेरजेत कधीच येणार नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ‘सुटा भाग’ म्हणजे काय, हे ठरवतं कोण? एसएसडी बोर्डावर सोल्डर केली की ती भाग म्हणून उरतच नाही. भाग म्हणजे अख्खा मदरबोर्ड. तो बाजारात मिळतो, बदलताही येतो. कागदावर दुरुस्ती झाली. माझा डेटा मात्र जुन्या बोर्डासोबत भंगारात. त्यात गुण कंपनी स्वतःच काढते. सरकार नंतर तपासू शकतं. म्हणजे स्वतःच पेपर तपासायचा, आणि प्रश्नांची व्याख्याही बऱ्याच अंशी आपल्या डिझाइननेच ठरवायची.

युरोपीय संघाचं २०२३ चं बॅटरी नियमन मला जास्त प्रामाणिक वाटतं. तिथे बेरीजच नाही: फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आलीच पाहिजे. अर्थात ते बॅटरीपुरतं. माझा लॅपटॉप त्या परीक्षेत पास झाला असता.

आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने २०२५ मध्ये अशा निर्देशांकाचा अहवाल दिला आहे. तो अमलात आला की एकूण गुणांकडे बघू नका, आधी उघडण्याच्या सोयीचे सुटे गुण शोधा. एच-इंडेक्स असो की विद्यापीठांचं रँकिंग, तिथेही हीच सवय लावून घ्या: आकडा कशाकशाची बेरीज करून आलाय, आणि त्यातलं काय शून्य झालं तरी आकडा छानच दिसेल?

परवा नवा लॅपटॉप बघायला गेले. दुकानदाराला विचारलं, मागचं झाकण उघडून दाखवता का? तो म्हणाला, “मॅडम, उघडलं की वॉरंटी जाते.”