मधल्या माणसाची जागा

मध्यस्थ या शब्दाला आपल्या मराठीत फारसा मान नाही. लग्न जुळले तर पत्रिकेवर त्याचे नाव येत नाही आणि संसार विस्कटला तर पहिला दोष त्याच्याच माथी येतो. ‘दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण तर तिसऱ्याच्या हेतूविषयीच शंका घेते. आणि तरीही, जिच्यातून काहीच साधले नाही ती कृष्णशिष्टाई आपण पिढ्यान्‌पिढ्या आदराने सांगत आलो आहोत. पाच गावांवर समेट व्हावा म्हणून श्रीकृष्ण स्वतः हस्तिनापुरास गेला, दुर्योधनाच्या सभेत बसला, बोलला आणि रिकाम्या हाताने परतला. युद्ध टळले नाही. पण ते टाळण्यासाठी कोणी काही केले नाही, असे म्हणण्यास जागा उरली नाही. मध्यस्थीचे मोल केवळ यशावर ठरत नाही, ते यामुळे. निर्णयापूर्वी कोणीतरी उठून दुसऱ्याच्या दारी जाणे, हा तिचा प्राण आहे.

हे आठवण्याचे कारण यवतमाळ. या गावी १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर थेट २०१९ च्या जानेवारीत, ११ ते १३ तारखांस, ९२ वे संमेलन तेथे भरले. अध्यक्षा होत्या अरुणा ढेरे. मतपत्रिकांची जुनी रीत सोडून महामंडळाने त्यांची एकमताने निवड केली होती. वर्षानुवर्षे कडवट होत गेलेला निवडणुकीचा तंटा साहित्यिकांनी आपसांत बोलून मिटवला, हे त्या संमेलनाचे मोठेच यश म्हणायला हवे होते. पण ते कोणाच्या स्मरणात राहिले नाही. स्मरणात राहिले ते दुसरेच.

उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्‌घाटन कशाला, असा आक्षेप एका राजकीय पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने घेतला आणि संमेलन उधळण्याची भाषा झाली. संमेलनाला आठवडाही उरला नसताना निमंत्रण मागे घेतले गेले. त्यानंतर त्याच पक्षाच्या प्रमुखांनी आपला विरोध नसल्याचे जाहीर केले. पण पत्र जाऊन चुकले होते. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रितांनी येण्याचे नाकारले.

आयोजकांची अडचण खोटी होती, असे मी म्हणणार नाही. हजारो माणसे मांडवात येणार, त्यांत म्हातारीकोतारी आणि मुले असणार. दगड पडला तर जबाबदारी कोणाची, ही चिंता कोणालाही झोप येऊ देणार नाही. परंतु घटनांचा क्रम नीट पाहावा. आक्षेप आला, भीती वाटली, निर्णय झाला. या तीन पायऱ्यांत चौथी कोठेच दिसत नाही. आक्षेपाचे मूळ काय आणि तो कितपत खोल आहे, हे आधी पक्षाच्या वरिष्ठांकडून समजून घेता आले असते. जो विरोध पक्षप्रमुखांच्या एका निवेदनाने मावळला, तो निमंत्रण मागे घेण्याआधीही मावळू शकला असता. तसेच एक्क्याण्णव वर्षांच्या पाहुण्या बाईंना परिस्थिती सांगून, “काय करावे, आपणच सुचवा,” असे विचारता आले असते. समेटाची बोलणी आणि शरणागती यांत फरक एवढाच, की पहिलीत दोन्ही बाजूंना विचारले जाते.

या एका चुकलेल्या पायरीची किंमत साहित्याला कशी मोजावी लागली, हे पाहण्यासाठी मी संमेलनाची दोन भाषणे शेजारी ठेवून वाचली. एक, सहगल यांचे, जे व्यासपीठावर झालेच नाही. ते वृत्तपत्रांतून छापून आले. दुसरे वैशाली येडे यांचे. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर उभ्या राहिलेल्या आणि ‘तेरवं’ या नाटकात भूमिका केलेल्या या यवतमाळच्या बाईंच्या हस्ते अखेर उद्‌घाटन झाले.

सहगल यांच्या भाषणातील सर्वांत हृद्य भाग वडिलांचा आहे. रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले. ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणणारे संस्कृत पंडित. स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसून १९४४ साली वारलेले. परकी म्हणून जिला दारातून परत पाठवले, ती माहेरच्या ओढीने येत होती! येडे यांचे भाषण अगदी निराळ्या घडणीचे. त्यात विद्वत्ता नाही, आर्जवही नाही. पुढच्या जन्मावर हवाला न ठेवता याच जन्मी जगायचे आहे, असे सांगणाऱ्या त्या भाषणाची धार आजही बोथट झालेली नाही. मात्र अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, अशा अर्थाचे जे वाक्य त्या बोलल्या आणि ज्यावर टाळ्या पडल्या, तेथे मी थबकतो. दोष त्यांचा नाही. रिकाम्या खुर्चीनेच ते वाक्य त्यांच्या तोंडी घातले. एकीने वडील गमावलेले, दुसरीने पती. एकीला निर्भयपणे लिहायचे, दुसरीला निर्भयपणे जगायचे. वस्तुतः या दोघी एकाच व्यासपीठावर शोभल्या असत्या. त्या एकमेकींच्या पर्याय झाल्या, ही मला त्या संमेलनाची खरी हानी वाटते. अरुणा ढेरे यांनी अध्यक्षपदावरून झाला प्रकार गैर असल्याचे स्पष्ट सांगितले, हे त्यांना भूषणावह. पण अध्यक्षाचे भाषण हे निवाड्याचे भाषण असते, मध्यस्थाचे नव्हे. त्याची वेळ टळून गेली होती.

याच जिल्ह्यातल्या वणीने देशाला मधला माणूस दिला होता, ही गोष्ट म्हणून अधिकच बोचते. लोकनायक बापूजी अणे हे काही मुळमुळीत गृहस्थ नव्हते. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. पण १९३१ साली बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि सेनगुप्त यांच्या गटांत वाद पेटला, तेव्हा निवाड्याचे काम अण्यांकडे सोपवले गेले. मला याचे मर्म असे दिसते, की ते दोन्ही पंगतींबाहेरचे होते आणि दोन्ही पंगतींना विश्वासाचे होते. मध्यस्थाने कोठवर थांबावे, हेही त्यांना कळत होते. १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकार बधत नाही असे दिसताच त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. बोलणी करणारा माणूस कणा मोडलेलाच असतो, हा आपला समज किती चुकीचा!

आपल्या राज्यात २००७ पासून गावोगावी तंटामुक्त समित्या निघाल्या. बांधाचा वाद असो की भाऊबंदकी, दोघांनाही समोर बसवायचे, ही त्यांची साधी रीत. साहित्य संमेलनातही मांडवाची समिती असते, भोजनाची असते, ग्रंथदिंडीची असते. त्यांच्या यादीत आणखी एक नाव असावे, एवढीच माझी सूचना आहे: दोन्ही दारी जाऊ शकेल अशा एखाद्या वडीलधाऱ्या, निःस्पृह माणसाचे. त्याला व्यासपीठावर खुर्ची नको, हार नको. निमंत्रण मागे घेण्याचे पत्र टपालात पडण्यापूर्वी ते त्याच्या हाती द्यावे आणि चार दिवसांची सवड द्यावी, म्हणजे पुरे.