किरणोपचार, हृदय आणि ७.४ टक्के

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचार देतात. त्यामुळे रोग उलटण्याचा धोका कमी होतो. पण विशेषतः डाव्या बाजूच्या उपचारात छातीच्या भिंतीमागील हृदयालाही थोडे प्रारण लागते. त्याचा परिणाम किती, हे सांगणारा सारा डार्बी व सहकाऱ्यांचा निबंध २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यातला एक आकडा आजही वारंवार सांगितला जातो: हृदयाची सरासरी मात्रा १ ग्रेने वाढली की गंभीर हृदयविकाराचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते. (१ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीने शोषलेली १ ज्यूल ऊर्जा.)

अभ्यास भक्कम आहे. स्वीडन व डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ या काळात उपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी हृदयविकार झालेल्या ९६३ आणि न झालेल्या १२०५ जणींची त्यात तुलना आहे. अमुक मात्रेखाली धोका नाही, अशी सीमारेषा आढळली नाही, हा निष्कर्ष मोलाचा आहे.

आमचा पहिला आक्षेप या आकड्याच्या वापराला आहे. जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन उपलब्ध नव्हते. म्हणून प्रत्येकीच्या नोंदीवरून किरणांची क्षेत्रे एका सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीच्या स्कॅनवर मांडून मात्रा काढली गेली. प्रत्येकीचे हृदय नेमके कोठे होते, ती श्वास कसा घेत होती, हे त्यात येत नाही. ७.४ या सरासरीभोवतीची विश्वासमर्यादा २.९ ते १४.५ इतकी रुंद आहे, हेही सांगायचे राहून जाते.

श्वासाने खरेच फरक पडतो का? पडतो. खोल श्वास घेतला की फुप्फुसे फुगतात, छातीची भिंत पुढे येते आणि हृदय तिच्यापासून दूर सरकते. म्हणून आज अनेक ठिकाणी रुग्णाला श्वास रोखायला सांगून किरण सोडतात. मात्र रोजचा श्वास सारखा नसतो. रोज वेगळ्या दिशेने होणारी चूक अनेक बैठकांत काही अंशी भरून निघते. पहिल्या स्कॅनच्या दिवशीच रुग्ण आखडून झोपली असेल, तर ती चूक प्रत्येक बैठकीत तशीच उतरते. 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीच्या २०२० च्या निष्कर्षांनुसार १५ बैठकांतील ४० ग्रेऐवजी ५ बैठकांतील २६ ग्रे पाच वर्षांपर्यंत रोग रोखण्यात कमी पडत नाहीत. रुग्णाची ये-जा वाचते, हे चांगलेच. पण चुका भरून निघायला संधीही कमी उरते. प्रत्येक बैठकीतली तपासणी तितकीच काटेकोर हवी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ७.४ टक्के ही मूळ धोक्यातली सापेक्ष वाढ आहे. निबंधातलेच उदाहरण पाहा: हृदयविकाराची इतर कारणे नसलेल्या ५० वर्षांच्या स्त्रीच्या हृदयाला ३ ग्रे मिळाले, तर ८० वर्षांच्या आत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १.९ वरून २.४ टक्क्यांवर जातो. हे न सांगता नुसता ७.४ चा आकडा ऐकवला, तर एखादी स्त्री घाबरून आवश्यक उपचार नाकारेल. ते नुकसान कितीतरी मोठे.

अभ्यास समूहाविषयी बोलतो. एका रुग्णाचा निर्णय तिच्या स्वतःच्या स्कॅनवर आणि श्वासावर व्हावा. शिक्षकांनी असा आकडा वर्गात मांडताना दोन प्रश्न जरूर विचारावेत: मोजमाप कोणाचे, आणि टक्के कशाचे?