किल्ल्याखालचा हात

११ जून २०१९ रोजी ई-थ्री प्रदर्शनानिमित्त निन्टेन्डोने आपल्या आगामी खेळांचा कार्यक्रम सादर केला. त्याच्या अगदी शेवटी जेमतेम दीड मिनिटाचा एक टीझर आला. त्याला नाव नव्हतं, तारीख नव्हती, एक संवादही नव्हता. शेवटी फक्त एक ओळ आली : ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या खेळाचा पुढचा भाग तयार होतो आहे. पुढची जवळपास चार वर्षं जगभरच्या चाहत्यांनी या दीड मिनिटाचा कीस काढला. चित्र चौकटीगणिक थांबवलं, अंधारातले तपशील दिसावेत म्हणून उजळलं, आवाज उलटा वाजवून ऐकला. मला हा टीझर आजही त्यानंतर आलेल्या सगळ्या ट्रेलरांपेक्षा सरस वाटतो. चाहत्यांनी त्याचं जे वाचन केलं तेही मला तितकंच मोलाचं वाटतं. (पुढे त्या पुढच्या भागाचा, म्हणजे ‘टीअर्स ऑफ द किंगडम’चा, शेवट सांगावा लागणार आहे. खेळ अजून संपवला नसेल तर आधी तो संपवा.)

आधी काय दिसतं ते पाहू. जमिनीखालची गुहा. काळोखात हिरवट-निळ्या प्रकाशाची वेटोळी संथपणे तरंगत आहेत. मशालीच्या उजेडात मालिकेचा नायक लिंक आणि राजकन्या झेल्डा वाट काढत चालले आहेत. एका दृश्यात दोघं कसल्याशा अवाढव्य जनावरावर बसलेले दिसतात. भिंतींवर जुनी चित्रं. मग एक वाळलेलं प्रेत दिसतं, आणि त्याच्या छातीवर घट्ट दाबून बसलेला एक हात. फक्त हात, धड नाही. प्रकाशाची ती वेटोळी या हातातूनच निघत आहेत. हात गळून पडतो. प्रेताची मान कडकन वळते, डोळे पेटतात. तो प्रकाश लिंकच्या हाताला भिडतो. आणि अखेरच्या दृश्यात, उन्हात, दूरवर हायरूल राज्याचा किल्ला हादरतो. त्याच्याभोवतीची जमीन फाटते.

ज्याने आधीचा खेळ खेळलेला नाही त्याला हे एका भयपटाचं बरं चित्रीकरण वाटेल. मार्च २०१७ मध्ये आलेला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ज्याने मनापासून खेळला आहे, त्याच्यासाठी मात्र इथला प्रत्येक रंग बोलतो. त्या खेळाला रंगांचं स्वतःचं व्याकरण होतं. शीका जमातीची प्राचीन यंत्रं निद्रिस्त असली की नारिंगी आणि जागी होऊन आपल्या बाजूला आली की निळी. मालिकेतला खलनायक गॅनन याची विषारी घाण किरमिजी-जांभळी. शेकडो तास हे रंग पाहिल्यावर नारिंगी दिसलं की पावलं आपोआप तिकडे वळायची आणि जांभळं दिसलं की आपण बिचकायचो. टीझरमध्ये पहिल्याच क्षणी येतो तो हिरवा या व्याकरणात कुठेच नव्हता. तो मित्राचा की शत्रूचा हे सांगायला आपल्याकडे काहीच आधार नाही. गुहेतल्या अंधारापेक्षा या टीझरचं भय मला या अनोळखी हिरव्यात जास्त जाणवतं. भयानक आणि अद्भुत हे दोन रस इथे एकाच रंगात कालवले आहेत, आणि पाहणाऱ्याला त्यातला कुठला घ्यायचा हे ठरवता येऊ नये असंच ते कालवणं आहे.

चाहत्यांनी नेमका हाच धागा पकडला. हा रंग कुणाचा? एका गटाचं उत्तर होतं, २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मधल्या संधिप्रकाशाच्या जगाचा. तिथल्या नक्षीलाही अशीच हिरवट-निळी झाक होती. शिवाय त्या खेळात ऋषींनी गॅनन्डॉर्फला, म्हणजे माणसाच्या रूपातल्या गॅननला, मृत्युदंड देताना त्याच्या छातीत तलवार खुपसली होती, आणि इथे हात बरोबर छातीवर आहे. तर्क देखणा होता. शेवटी तो चुकला, पण रंग आणि जखमेची जागा या दोन्ही खुणा जुळवून मांडलेला तर्क चुकला तरी फुकट जात नाही. त्याने पुष्कळांना ती छाती पुन्हा नीट पाहायला लावली.

दुसऱ्या गटाचं उत्तर होतं झोनाई. आधीच्या खेळात दक्षिणेकडच्या फॅरोनच्या जंगलात या नामशेष जमातीचे भग्न अवशेष आहेत. ड्रॅगन, घुबड आणि रानडुक्कर यांची शिल्पं, दगडांवर कोरलेली वेटोळी. खेळात त्यांच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. खेळाच्या निर्मितीवरच्या अधिकृत ग्रंथात एवढंच होतं की ही जमात जादूत प्रवीण होती आणि हजारो वर्षांपूर्वी अचानक दिसेनाशी झाली. बहुतेकांनी त्या पडक्या भिंतींवर चढून पुढची वाट धरली होती. काही थोड्यांनी त्या वेटोळ्यांचं वळण लक्षात ठेवलं होतं, आणि टीझरमधल्या प्रकाशाच्या वळणाशी ते ताडून पाहिलं. २०२३ मध्ये खेळ आला तेव्हा कळलं की तो हात राउरूचा, म्हणजे हायरूलच्या पहिल्या राजाचा. आणि राउरू झोनाई होता. एका पडक्या भिंतीवरच्या नक्षीवरून चार वर्षं आधी इतक्या जवळ पोचणं म्हणजे काय, याचा विचार केला की मला त्या वाचकांविषयी खरोखर आदर वाटतो.

प्रेत कुणाचं हे ओळखायला तेवढीही वाट पाहावी लागली नाही. कपाळावरचा दागिना, गेरुडो लोकांसारखे अलंकार, लालसर केसांच्या उरलेल्या बटा. त्याच दिवशी लोक म्हणू लागले : हा गॅनन्डॉर्फ. मागच्या खेळात गॅनन होता तो निव्वळ एक आपत्ती म्हणून, धुरासारखा किल्ल्याला वेढून बसलेला. त्याला ना चेहरा होता ना भाषा. माणसाच्या रूपातला गॅनन्डॉर्फ ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’नंतर मुख्य मालिकेतल्या कुठल्याच नव्या कथेत आला नव्हता. त्यामुळे हे प्रेत दिसताच मागच्या खेळाचा अर्थच हलला. ज्या किल्ल्यात आपण गॅननशी लढलो, त्याच्याच पायाखाली हा पूर्ण वेळ पडून होता. टीझरने पुढची गोष्ट सुरू केली ती मागच्या गोष्टीखालची जमीन खणून. पुढचा भाग काढणाऱ्या कितीजणांना हे सुचतं? बहुतेकदा नवा प्रदेश आणि नवा शत्रू आणून बाजूला मांडला जातो.

आवाजाकडे वळू. संगीत कानाला विचित्र लागतं, सूर जणू आत ओढले जातात. तो आवाज उलटा फिरवलेला आहे हे चाहत्यांना चटकन कळलं, आणि तो सुलट करून पाहण्यात पुष्कळांच्या रात्री गेल्या. त्यातून गुप्त संदेश काढायचे प्रयत्न झाले, ते मला ओढूनताणून केलेले वाटतात. उलटेपणा हाच त्यातला संदेश होता. २०२१ च्या दुसऱ्या ट्रेलरमध्ये उतारावरून गडगडत आलेला काटेरी गोळा आल्या वाटेने मागे जाताना दिसला. खेळात वस्तूचा काळ मागे फिरवण्याची शक्ती मिळते, आणि झेल्डा स्वतःच हजारो वर्षं मागे, हायरूलच्या स्थापनेच्या काळात जाऊन पडते. २०१९ मध्ये यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, तरी कानांना ते आधीच ऐकवून ठेवलं होतं.

आता त्या हाताविषयी. माझ्या मते हा टीझर आणि पुढचा सगळा खेळ त्या हाताविषयीच आहे, आणि चाहत्यांच्या एवढ्या बारकाईच्या वाचनातून निसटलं ते हेच. हात कुणाचा यावर अखंड वाद झाले. हात काय करतो आहे याकडे त्या मानाने कमी लोकांनी पाहिलं.

तो धरून ठेवतो आहे. नीट पाहा : बोटं ताणलेली, तळवा छातीवर रोवलेला, मनगटापासून पुढे सगळा जोर एका जागी एकवटलेला. धनी केव्हाच गेला, पण धरलेलं सुटलेलं नाही. मग तो गळून पडतो ते कुणी तोडल्यामुळे नव्हे, दमल्यासारखा. टीझरमध्ये यापेक्षा करुण काही नाही, आणि प्रेताचे डोळे लगेच पेटत असल्यामुळे तिकडे आपलं लक्ष टिकत नाही. पुढच्याच क्षणी तो प्रकाश लिंकचा हात पकडतो. २०१९ मध्ये हे दृश्य जवळजवळ सगळ्यांनी आक्रमण म्हणून पाहिलं. लिंकला बाधा झाली, आता त्याचा एक हात परक्याच्या ताब्यात जाणार, अशा चर्चा रंगल्या. मालिकेचे निर्माते एइजी आओनुमा आणि दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी तसं वाटू दिलं.

खेळात तोच प्रसंग सुरुवातीला येतो. गॅनन्डॉर्फ जागा होतो, लिंकची तलवार भंगते, उजवा हात जळून निकामी होतो, पायाखालची जमीन खचते. झेल्डा खाली कोसळते. लिंक झेप घेऊन तिच्याकडे हात पुढे करतो, आणि तो पोचत नाही. मग खाली पडणाऱ्या लिंकला एक हात वरच्यावर पकडतो. तोच हात. पकडतो तो वाचवण्यासाठी. टीझरमध्ये धाडीसारखी दिसलेली पकड खेळात आधार ठरते, आणि त्यासाठी चित्रात फार काही बदलावं लागलेलं नाही. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात तो मला इथे शुद्ध रूपात भेटतो. शब्द नाहीत, तरी वाच्यार्थ एक आणि आतून उमटणारा अर्थ दुसरा. आणि दुसरा कळल्यावर पहिला खोटा पडत नाही, उलट गहिरा होतो. परक्या हाताने धरल्याचं भय खरंच होतं.

राउरूचा हात लिंकला जोडला जातो, आणि इथून खेळणाऱ्याच्या बोटांनाही तोच विषय भिडतो. देवळं उघडायची ती या हाताने स्पर्श करून. ओंडके, चाकं, दगड उचलून एकमेकांना चिकटवायचे आणि त्यांची गाडी, होडी, पूल बनवायचा तो ‘अल्ट्राहँड’ने. निन्टेन्डोच्या जुन्या जाणकारांना इथे हसू येतं, कारण याच नावाचं एक खेळणं कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलं होतं. गुन्पेई योकोई यांनी तयार केलेला तो लांबवता येणारा चिमट्यासारखा हात तुफान खपला होता. व्हिडिओ गेमच्या आधीच्या काळातला तो हात अर्धशतकानंतर हायरूलमध्ये असा परत यावा, ही मला नुसती गंमत वाटत नाही. दूरची वस्तू हाताला लागावी ही साधी हौस त्या खेळण्यातही होती.

आणि शेवट. भूतकाळात जाऊन पडलेली आणि तिथे ड्रॅगन होऊन हजारो वर्षं आकाशात फिरणारी झेल्डा पुन्हा माणूस होते आणि वरून खाली पडू लागते. लिंकचा हात आता त्याचा स्वतःचा आहे. तो तिच्या मागोमाग झेपावतो, आणि इथे चित्रफीत दाखवून मोकळं न होता निर्मात्यांनी तिच्यापर्यंत पोचण्याचं काम खेळणाऱ्याच्याच हाती दिलं आहे. या वेळी हात पोचतो. शंभरेक तासांच्या खेळात याहून कठीण प्रसंग कितीतरी येतात, पण इतक्या घट्ट कुठलंही बटण मी दाबलेलं नाही.

टीझरमधलं सगळंच खेळात आलं असं नाही. ते अवाढव्य जनावर खेळात नाही; गुहेतली वाट दोघं पायीच चालतात. किल्ल्याखालची ती दमट, कोंदट भीतीही पुढे विरळ होते. ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ हा मुळात उजेडाचा, आकाशाचा, जुगाड यंत्रांचा खेळ आहे. १२ मे २०२३ रोजी तो आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या, त्यात या मोकळ्या यंत्रगिरीचा मोठा वाटा असणार. पाताळात उतरल्यावर अधूनमधून टीझरमधला काळोख भेटतो, पण ती दीड मिनिटांची घनता नाही. ही माझी थोडी तक्रार आहे.

मोठी तक्रार वेगळी आहे. टीझरमध्ये झेल्डाचे केस आखूड झालेले आहेत आणि ती लिंकच्या बरोबरीने चालते आहे. कुणी तिला सोडवायला गेलेलं नाही. दोघं मिळून काहीतरी शोधायला उतरले आहेत. त्या कापलेल्या केसांवरून चाहत्यांनी मोठी आशा बांधली : या वेळी झेल्डाच्या भूमिकेतूनही खेळता येईल. ती आशा पोरकट मुळीच नव्हती, चित्रच तसं सांगत होतं. खेळाने पहिल्या काही मिनिटांतच दोघांची ताटातूट केली आणि पुन्हा झेल्डा शोधायची गोष्ट झाली. तिचा त्याग फार मोठा आहे, आणि आठवणींच्या तुकड्यांतून तो उलगडतो तेव्हा गळा दाटून येतो, पण आपण तो फक्त पाहतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘इकोज ऑफ विज्डम’ आला. झेल्डा त्यात नायिका होती, सगळा खेळ तिच्याच हाती होता. मी तो आनंदाने खेळलो. पण ती दुसरी झेल्डा, दुसरं हायरूल. मशाल घेऊन गुहेत उतरलेल्या, आखूड केसांच्या या झेल्डाबरोबर लिंकने चालावं आणि आपण आळीपाळीने दोघांना खेळवावं, असा एक खेळ त्या दीड मिनिटात दिसला होता. तो अजून कुणी केलेला नाही.