छत्र आणि दफ्तर: स्थानिक इतिहासाच्या वाचनासंबंधी काही विचार

मराठी साहित्याच्या इतिहासात तंजावरचा उल्लेख बहुधा एकाच प्रयोजनाने होतो. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगाआधी मराठी नाटक होते की नव्हते, या वादात शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ नाटकास साक्षीला उभे करावयाचे, साक्ष झाली की त्यास परत सरस्वती महालाच्या कपाटात ठेवावयाचे, असा आपला परिपाठ पडून गेला आहे. छापील मराठी पुस्तकांचा इतिहास लिहितानाही हेच होते. श्रीरामपूरला केरीचे व्याकरण १८०५ साली निघाले आणि तंजावरास ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली निघाली, म्हणून तंजावरचा क्रमांक दुसरा की कसा, एवढीच चर्चा. इसापाच्या गोष्टी दक्षिणेतील एका मराठी दरबारात आल्या तेव्हा त्यांचे मराठी कसे झाले, हा प्रश्न आपणास क्वचितच सुचतो. पहिलेपणाचा मोह हा वस्तुसंग्रहालयाचा मोह आहे, आणि समीक्षेने तो विनाकारण उसना घेतला आहे, असे मला वाटते.

हे म्हणावयाचे निमित्त ओरत्तनाडु. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे गाव आहे, आणि तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधलेले मुक्तांबाळ छत्र आहे. दर्शनी बाजूस दगडी घोडे व हत्ती जणू सारी इमारत रथासारखी ओढून नेत आहेत, अशी त्याची रचना. येथे उतरणारे यात्रेकरू रामेश्वरास जाणारे किंवा तेथून परतणारे असत. मुक्तांबाळ ही राजांची प्रिय स्त्री. विवाहित राणी नव्हे. यमुनांबा आणि अहिल्यांबा या राण्या निराळ्या. तिच्या नावाने हे अन्नदान चालू राहिले. उद्या या गावात स्थानिक इतिहासाचे मंडळ निघाले, आणि छत्राच्या एखाद्या दालनात त्याचे छोटेसे संग्रहालय झाले, तर भिंतीवरील पाटीवर पहिली तडजोड कोणती होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. मुक्तांबाळ ‘राणी’ होईल. सभ्यतेसाठी केलेली ही दुरुस्ती वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु तिने त्या इमारतीतील सर्वांत विलक्षण गोष्टच पुसली जाते. वंशावळीत जिला जागा नाही तिचे नाव राजाने हमरस्त्यावर कोरून ठेवले, ही ती गोष्ट.

तंजावरच्या छत्रांची नावे एकापाठोपाठ वाचून पाहावीत. द्रौपदांबाळपुरम, सुलक्षणांबाळपुरम, मोहनांबाळपुरम, यमुनांबाळपुरम. मराठी घरातील द्रौपदाबाई, सुलक्षणाबाई येथे तमिळ ‘अंबाळ’ होऊन, म्हणजे देवीच्या उपाधीसह, गावाच्या नावात शिरल्या आहेत. खुद्द ‘छत्र’ हा शब्दही संस्कृत ‘सत्त्र’वरून आला, तमिळमध्ये तो ‘सत्तिरम’ झाला आणि मराठीत ‘अन्नछत्र’. आपण त्याला छत्री जोडली आणि मूळ यज्ञ विसरलो! अशा नावांचा नकाशा हीच एक साहित्यकृती आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण तो वाचावा लागतो, केवळ मोजता येत नाही, एवढे खरे.

छत्रांविषयी खुद्द सरफोजीराजांचा एक लेख उपलब्ध आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाच्या हाती किल्ला आणि थोडेसे उरले. छत्रांचा कारभार तरी आपणाकडे राहावा यासाठी १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळते. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास त्यास बोलावले जाते. आजाऱ्यास वैद्य, बाळंतिणीची सोय, वाटेत मेलेल्याचा अंत्यविधी आणि त्याच्या अनाथ मुलांचा सांभाळ, असे त्यात सविस्तर येते. इतिहासकार हे पत्र सामाजिक माहितीचे साधन म्हणून वापरतात, आणि ते योग्यच. परंतु ते वाचताना मला दरवेळी जाणवते ते असे की हा विनंतिअर्ज आहे. ज्याच्या हातून राज्य गेले त्याने उरलेल्या अन्नाच्या हक्कासाठी लिहिलेला मजकूर. त्यातील प्रत्येक तपशील, अगदी ती मध्यरात्रीची घंटासुद्धा, पुराव्यासारखी पुढे मांडलेली आहे. वर्णन आणि युक्तिवाद यांची ही सरमिसळ साहित्यसमीक्षकाने उकलावयाची. ती न उकलता पाटीवर ‘उदार राजा’ असे दोन शब्द लिहिणे म्हणजे पत्र न वाचणेच होय. राजा उदार नव्हता असे नव्हे. पण या पत्रातील औदार्यास एक कासावीस करणारी निकड आहे.

याउलट उदाहरण धुळ्याचे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. लहान गावाचे इतिहासमंडळ कसे असावे याचा हा आपल्याकडील उत्तम दाखला आहे. मंडळाला संग्रहालय आहे, ‘संशोधक’ हे नियतकालिक आहे, आणि राजवाड्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत प्रसिद्ध करण्याचे कष्ट मंडळाने घेतले. पण या मंडळाचे खरे मोल त्याच्या मुळाशी आहे: तेथे वस्तू नंतर आल्या, दफ्तर आधी आले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापणारा हा माणूस पत्रे जशीच्या तशी देई. मायना, तारीख, लेखनाच्या लकबी यांसह. कोणते पत्र महत्त्वाचे हे आपण आधीच ठरवू नये, हा त्यामागील विवेक. मात्र राजवाड्यांच्या प्रस्तावना त्याच विवेकाला सोडून कधी कधी भरधाव निघतात, हेही खरे. ‘राधामाधवविलासचंपू’ची त्यांची १९२२ ची प्रस्तावना वाचताना संहिता कोठे संपते आणि संपादकाचे साम्राज्य कोठे सुरू होते हे पाहण्याजोगे आहे. जयराम पिंड्यांचा हा काव्यग्रंथ शहाजी भोसल्यांच्या बंगळूरच्या दरबारातला, अनेक भाषांतील कवींना एकत्र बसविणारा. त्या बहुभाषिकतेवर राजवाड्यांपेक्षा पुढच्या पिढ्यांनी अधिक लिहावयास हवे होते.

तंजावरची गाठ येथेच पडते. सरफोजीराजांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरस्वती महालाने प्रसिद्ध केले आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार: विरहिणी नायिकेकडे डोंगरातील कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या डोंगरांची आणि भटकलेल्या मुलखाची गाणी गाते, हात पाहते, प्रियकर भेटेल असे सांगते. सरफोजीराजांच्या नाटकातील कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. मराठी वाचकास हा प्रकार चमत्कारिक वाटतो. शाळेचा धडा नाटकात कोंबल्यासारखा. परंतु ज्याला तमिळ संकेत ठाऊक आहे त्याला दिसेल की मुलुख सांगणे हे कुरवंजीचे जुनेच काम होय. राजाने केवळ मुलुख वाढविला. त्याच राजास नायक करून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तमिळ काव्य रचले आणि ते बृहदीश्वराच्या देवळात नाचले जाई. एक कुरवंजी राजाने लिहिलेली, दुसरी राजावर लिहिलेली. एक मराठी, एक तमिळ. ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंपैकी एकाचेही रसग्रहण पुरे होणार नाही, असे माझे मत आहे. आपण मात्र पहिल्यास ‘बृहन्महाराष्ट्राच्या’ खात्यात जमा करून मोकळे होतो.

बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ च्या भोसलेवंशचरित्राचेही असेच झाले आहे. मराठीतील एक प्रचंड गद्यलेख दगडावर आहे, याचा अभिमान आपण बाळगतो. त्याच भिंतीवर त्याच्या आठशे वर्षे आधीपासूनचे चोळांचे तमिळ लेख आहेत, आणि मराठी लेख त्यांच्या शेजारी आपली वंशावळ मांडतो आहे, या शेजाराचे वाचन कोण करणार? चोळांच्या देवळात राजधर्माचा दावा करणारी ही मराठी, पुण्याच्या बखरीतील मराठीहून निराळी का लागते, याचे उत्तर त्या शेजारात आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. तंजावरच्या मोडी कागदांचा तमिळ अनुवाद तमिळ विद्यापीठाने १९८९ साली तीन खंडांत काढला. मोडी न येणाऱ्या मराठी वाचकापेक्षा, म्हणजे आज आपल्यातील बहुतेकांपेक्षा, ओरत्तनाडुच्या शाळामास्तरास हे कागद अधिक जवळचे आहेत. याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. छत्रात जेवणारे बहुसंख्य लोक तमिळच होते. जमाखर्च मराठीत झाला तरी भूक तमिळमध्ये सांगितली गेली. तेव्हा तेथील संग्रहालयाची पाटी आधी तमिळमध्ये असावी, आणि मराठी अनुवादकाने ती तमिळवरून मराठीत आणावी. मोडी मूळ त्याच्या समोर उघडे असावे, आणि जेथे तमिळ अनुवादकाने एखादा दरबारी शब्द सोडून दिला असेल तेथे थांबून त्याने विचारावे की हा शब्द तमिळला नको होता की आपणही तो विसरलो आहोत.