भवभय आणि देहाचे भय

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. इ. स. १६०८ साली जन्मलेल्या या कवीचे ‘मनाचे श्लोक’ धर्माची कुंपणे ओलांडून गेले आहेत; आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ते पाठ असलेली वडीलधारी मंडळी भेटतात. म्हणूनच त्यांचा एक प्रचलित उपयोग आम्हांला तपासून पाहावासा वाटतो. घरातील कुणाची छाती अकस्मात धडधडू लागते, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मरणच आले असे वाटते. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात; तो निर्दोष निघतो. मग घरचे लोक धीर धरण्याचा उपदेश करतात आणि कुणी सत्ताविसावा श्लोक ऐकवतो. त्यात कवीने भ्यालेल्या मनाला ‘लंडी’, म्हणजे भित्रट, म्हणून फटकारले आहे.

हा रुग्णावर अन्याय आहेच, परंतु श्लोकावरही आहे. तेथे ज्या भयाची निर्भर्त्सना आहे ते भवाचे भय, जन्ममरणाच्या फेऱ्याचे. २०५ श्लोकांची ही रचना ज्याच्याशी बोलते ते मन विचार करू शकणारे, समजावले तर वळणारे आहे. पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात त्या झटक्यात मनाला विचारतो कोण? संकट नसताना देहाची धोक्याची घंटा वाजते, काही मिनिटांत भीती शिगेला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. असे झटके अवचित पुनःपुन्हा येऊ लागले, आणि पुढचा कधी येईल या धास्तीने माणूस महिनाभर वा अधिक काळ बाजार, एसटी, देऊळ टाळू लागला, तर त्यास पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. अशा माणसाला भित्रा म्हणणे म्हणजे दमेकऱ्याला आळशी म्हणण्यासारखे होय.

अशा वेळी आम्ही ‘करुणाष्टके’ हाती घेऊ. तेथे समर्थ कुणाला दटावीत नाहीत. आपलेच चंचल मन आपल्या स्वाधीन नाही, ही कबुली देऊन ते देवाला हाक मारतात. हा स्वर स्तोत्रसंहितेतील आर्त स्तोत्रांच्या अगदी जवळचा. मात्र करुणाष्टकांतील तळमळ हा आजार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून निघून गेलेल्या बालनारायणाच्या आख्यायिकेतही हल्ली कुणी घबराटीचा झटका शोधील. परंतु आख्यायिकेवरून निदान करणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. शिवाय तो मुलगा पळाला तो एका ध्येयाकडे.

समर्थांचे अधिक उपयोगी पान ‘दासबोधा’त आहे. तिसऱ्या दशकातील सहावा समास ‘आध्यात्मिक तापा’चा. आज हा शब्द ऐकताच आपण श्रद्धेच्या उणिवेकडे बोट दाखवितो. कवीने मात्र देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने होणारे दुःख असा त्याचा अर्थ सांगून रोगांची लांबलचक, काहीशी कंटाळवाणीही यादी दिली आहे. त्या कंटाळवाण्या यादीबद्दल आम्हांला आदर वाटतो. दुखणे हे दुखणे म्हणून मोजणारा हा संत आहे. मग त्याचा श्लोक औषधाऐवजी का वापरावा?

औषध तर उपलब्ध आहे. प्रथम हृदय, थायरॉइड यांची तपासणी व्हावी; मग मनोविकारतज्ज्ञ. विचार व वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती आणि नैराश्यावर दिली जाणारी काही औषधे यांचा चांगला उपयोग होतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच ती सोडू नयेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आणि निदान झालेल्या माणसाला पुन्हा झटका आलाच, तर जवळ बसावे, श्वास संथपणे सोडण्यास सांगावे, मागच्या वेळीही हे ओसरले होते याची आठवण द्यावी. करुणाष्टके नंतर, त्याला हवी असतील तर.